साळुंखेकाकांचं गेमचं मशीन

कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी साळुंखेकाका दाढी करतात.

नुसती दाढी नाही. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केसांना पाणी लावून भांग. मग बाल्कनीत खुर्ची टाकून ताठ बसतात आणि नंबर लावतात. मी एकदा म्हटलं, "काका, त्यांना फोनवर दिसत नाही तुम्ही काय घातलंय ते."

"त्यांना दिसत न्हाय," काका म्हणाले, "मला म्हायतीय की."

फोन स्पीकरवर असतो. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य आणि त्यामागची ती टुणटुण धून सानपाड्यातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला पाठ झाली आहे. वॉचमन गेट उघडताना तीच शीळ घालतो. कॉल इतका महत्त्वाचा असेल तर उचला ना! पण हा माझा राग. काकांना राग येत नाही. धून वाजत असते आणि ते मांडीवर हळूहळू ताल धरतात.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. मी पत्रकं काढते. गढूळ पाण्यावर, तुंबलेल्या गटारावर, बिल्डरने गिळलेल्या बागेवर. लिहिते, छापते आणि स्टेशनबाहेर उभी राहून वाटते. म्हणून काकांनी माझं नाव ‘मोर्चा’ ठेवलं आहे. "ए मोर्चा, च्या टाकलाय, ये." मीही जाते.

काका मूळचे साताऱ्याकडचे. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य लेथ मशीनपुढे काढलं. रिटायर झाले तरी सवय सुटली नाही. घरातलं काहीही कुरकुरलं, की स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. फ्रिज, मिक्सर, एकदा तर लिफ्ट. मग निदान: "बेरिंग गेलंय." नेहमी बेरिंगच. मिक्सरवाला म्हणाला, काका, वायर तुटलीय. काका म्हणाले, "आता वायर असंल. आधी बेरिंगच हुतं." त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "मशीन खोटं बोलत न्हाय. माणूस बोलतो."

तर असा माणूस गेम खेळतो. मुलगा विशाल जर्मनीला नोकरीला गेला तेव्हा आपलं गेमचं मशीन बापाकडे ठेवून गेला. काकू वारल्या त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. जाताना त्याने शिकवलं: हे बटण गाडी पळवायचं, हे ब्रेकचं, हा हेडफोन कानाला, रविवारी जेवण झालं की चालू करायचं, मी तिकडून येतो. आणि तो यायचा. बाप सानपाड्यात, पोरगा जर्मनीत, गाड्या एकाच रस्त्यावर.

काकांचं रेसिंग बघण्यासारखं होतं. डावी बाजू सोडायची नाही, वळणावर वेग कमी करायचा, मागून कोणी आलं की वाट द्यायची. विशाल तिकडून ओरडायचा, "बाबा, दाबा! रेस आहे ही!"

"दाबतो की. पण गाडी तुझी हाय, घासली तर?"

दोघंही हसत सुटायचे. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. एरवी या बापलेकांचा फोन कसा असतो तेही मी ऐकलं आहे. जेवलास का? हो. थंडी हाय का? आहे. बरं, ठेवतो. संपलं. हातात ती बटणं असली, की मात्र गावची जत्रा, काकूंची पुरणपोळी, विशालची घरमालकीण, सगळं निघायचं. एकमेकांकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

मग उन्हाळ्यात मशीन मध्येच बंद पडायला लागलं. रेस रंगात आली की एक बीप, आणि टीव्ही काळा. विशालचं वाक्य अर्धं तुटायचं.

वॉरंटी होती. काकांनी दाढी केली आणि फोन लावला.

"सर, मशीन बंद करून परत चालू करा."

"आपोआप बंद पडतंय, बाळा. मी न्हाय करत."

"हो सर. तर बंद करून परत चालू करा."

प्रत्येक वेळी नवी मुलगी, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट. काका प्रत्येकीला नाव विचारायचे, गाव विचारायचे आणि शेवटी, "जेवलीस का?" फोन ठेवला की मेसेज यायचा: आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढली आहे. कोणी काढली? कुठे काढली? मी संतापून म्हटलं, "काका, ही फसवणूक आहे. तुम्ही त्यांना जेवण काय विचारता? जाब विचारा!"

"पोरगी हाय गं ती. तिच्या हातात बंद कर अन् चालू कर, एवढंच दिलंय. तिला काय जाब विचारू?"

विशाल म्हणाला, "बाबा, मशीन नीट झालं की सांगा. मग खेळू." रविवार रिकामे जायला लागले. काका म्हणायचे, "त्याचं काय न्हाय. कंपनीनं अडवलंय."

अशात खंडेनवमी आली. आमच्या घरी ती नसते, त्यामुळे काका काय करताहेत ते मला उशिरा कळलं. पाटावर त्यांची जुनी हत्यारं, पाना, कॅलिपर, स्क्रूड्रायव्हर, आणि मधोमध गेमचं मशीन. कारखान्यात असं पुजलेलं लेथ वर्षभर रुसत नाही, हा त्यांचा अनुभव. मशीन आजारी, म्हणून त्याला मान जास्त: मूठभर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूची फुलं कुस्करून. लेथवर पडलेलं कुंकू पुसता येतं. या मशीनला वरून जाळी आहे.

शेवटी कंपनीने मशीन वाशीच्या सर्व्हिस सेंटरला मागवलं. रिपोर्ट इंग्रजीत आला, मराठीत सांगते: आत लाल-पिवळी भुकटी, तांदूळ आणि वनस्पतीचे अवशेष सापडले. ग्राहकाने नुकसान केले. वॉरंटी रद्द.

काकांचा चेहरा उतरला. "माझ्याच हातानं केलं गं."

"काही नाही केलं तुमच्या हाताने! बंद पडायला लागलं उन्हाळ्यात. झेंडू पडला खंडेनवमीला. तुमच्या तक्रारींचे मेसेज त्यांनीच पाठवलेत ना, तारखांसकट?"

मी रिपोर्टवर पत्रक काढलं. मथळा: ‘उन्हाळ्यात बिघाड, दसऱ्याच्या झेंडूवर आळ!’ खाली मजकूर जहाल होता, मला अजून आवडतो. सर्व्हिस सेंटरच्या दारात उभं राहून वाटायला लागले. काकाही आले, दाढी करून. मी पत्रक देऊन घोषणा द्यायची, आणि मागून काका त्याच माणसाला सांगायचे, "वाचा, पण आतल्या पोरांवर रागवू नका हां." असला मोर्चा मी आयुष्यात काढला नव्हता.

गर्दी जमली तसा मॅनेजर बाहेर आला. "मॅडम, आत बसून बोलू या ना." आत बसून बोललो. मी मेसेज एकापाठोपाठ एक दाखवले. त्याने ते वाचले, मानेवरचा घाम पुसला. मशीन साफ झालं, आतला पंखा बदलला, एक पैसा न घेता. काका परत येताना खुशीत होते. "पंखा म्हंजे त्यात बेरिंग असतंय, मोर्चा. मी म्हणत हुतो."

रविवार आला. काकांनी आदल्या दिवशीच विशालला मेसेज टाकला होता. जेवणं झाली तशी मला हाक आली. मशीन टीव्हीपुढे, झेंडूचं फूल या वेळी लांब, खिडकीत. काका इस्त्रीच्या शर्टात. माझ्या हातात मोबाईल दिला. "वाच बरं, चष्मा सापडंना." विशालचा मेसेज होता: बाबा, आज ऑफिसला यावं लागलंय. पुढच्या रविवारी नक्की.

"काम असतंय त्याला," काका म्हणाले. "असू दे. चालतंय का बघू तरी."

मशीन चालू झालं. बीप नाही, काळा पडदा नाही. छान, गुळगुळीत आवाज. पडद्याच्या कोपऱ्यात ओळखीच्या खेळाडूंची यादी उघडली. त्या यादीत एकच नाव होतं, मुलाचं. विशाल. नावापुढे हिरवा दिवा. खाली लिहिलेलं: आत्ता रेस खेळत आहे. शेजारी त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांची नावं, सगळी परकी.

चष्मा काकांच्या खिशातच होता. त्यांनी तो लावला. वाचलं. परत वाचलं.

माझं डोकं सणकलं. माझ्या तोंडात मथळासुद्धा तयार होता. "काका, मी लावते त्याला फोन. आत्ताच्या आत्ता."

काका उठले. ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक मशीनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे होते. मशीन व्यवस्थित चाललं होतं, ते मलाही ऐकू येत होतं.

"नीट केलंच न्हाय त्यांनी," काका म्हणाले. "दिवा आपोआप लागतोय. तो ऑफिसात हाय, आन् हे म्हणतंय खेळतोय." त्यांनी स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या टोकाने पुसला. "मशीनच हाय शेवटी. कधी कधी चुकतं."

मोबाईलवर काढलेला विशालचा नंबर मी बंद केला.

"फोन लाव, मोर्चा. कस्टमर केअरला. दाढी केलेलीच हाय."

मी नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. धून वाजायला लागली. काका ताठ बसले, पण मांडीवरचा हात हलला नाही. मग एका मुलीचा आवाज आला: नमस्कार सर, काय तक्रार आहे?

काकांनी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मशीन बिघडलंय," मी म्हणाले. "जो ऑफिसला गेलाय, तो खेळतोय असं दाखवतंय."

"मॅडम, मशीन बंद करून परत चालू करा."

"करतो, बाळा," काका म्हणाले. त्यांनी वाकून बटण दाबलं, आणि हिरवा दिवा विझला. "तू जेवलीस का?"