पुंडलिकाची दोन मनगटं

पुंडलिक फिटरनं मनगटावर गोंदवून घ्यायचं ठरवलं, ते कुणालाही न विचारता. विचारलं असतं तर चार शहाण्यांनी सांगितलं असतं की बाबा रे, हात सुजतो, मग खाजतो, पाणी लागू द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे नाव पक्कं करून जा. पण लढाईचे दिवस, तोफगाड्यांच्या कारखान्यात रोजचा ओव्हरटाइम! शहाणे गाठायला सवड कुणाला?

घरात त्याची बायको सत्यभामा क्षयानं अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. एका सकाळी आपल्या हातावरची, आईनं लहानपणी गोंदवलेली तुळस कुरवाळत ती म्हणाली, "सोनं-नाणं सारं इथंच राहते, गोंदण तेवढं संग येते. तुमच्या अंगावर तर एक ठिपका नाही. वर आल्यावर मी तुम्हाला ओळखू कशी?"

"तोंडावरून."

"तोंड कुठं पाहायला मिळते? सदा फॅक्टरीत तर असता."

हे खरं होतं. पुंडलिकाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो हमखास काहीतरी करून बसायचा.

सुट्टीच्या दिवशी तो नदीवर, ग्वारीघाटाला, गोंदणाऱ्यासमोर जाऊन बसला.

"सोच लो भैया, मिटेगा नहीं."

"मिटाना किसको है? लिखो, सत्यभामा."

"इतना लंबा? अपनी कलाई देखी है?"

(पुंडलिकाचं मनगट म्हणजे शेवग्याची शेंग.) 'सत्यभा' कसंबसं पुढे मावलं, 'मा' वळसा घालून मागे गेला.

घरी येऊन त्यानं टम्म फुगलेला हात तिच्यापुढे धरला. तिनं तो फिरवून फिरवून वाचला. हसली. हसता हसता खोकल्याची उबळ आली. मग दम खाऊन म्हणाली, "हे नाव तर तुमच्या आईनं ठेवलेलं. लग्नात तुम्हीच अंगठीनं तांदळात लिहिलं होतं."

"मग?"

"मग काय? वर माझे आई-बाबा आहेत. ते मला विनताच म्हणतात. सत्यभामा कुठाय विचाराल, तर म्हणतील, अशी कोणी नाही इथं, पुढच्या घरी पाहा."

पुंडलिकानं मनगट अंगठ्यानं घासून पाहिलं. तांदळातलं नाव हातानं मोडता येत होतं. "आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही कधी विचारलं काहून नाही?"

पुढच्या सुट्टीला त्यानं डावा हात पुढे केला. गोंदणाऱ्यानं त्याला वरून खाली न्याहाळलं. "पहली वाली से झगड़ा हो गया क्या?"

आता दोन्ही हात सुजले. कानस धरवेना, फोरमननं घरी हाकललं. ज्या हातांनी बायकोला पाणी पाजायचं, ते दोन्ही उशीवर ठेवून महाशय बसले. शेवटी तीच उठून भिंतीला टेकली आणि त्याला वरण-भात भरवू लागली. घास खाता खाता पुंडलिकानं जन्मात पहिल्यांदा तिला हाक मारली. "विनता."

"ओ," ती म्हणाली, आणि लाजली.

हातावरच्या खपल्या पडायच्या आत ती गेली.

वर्ष झालं. थोरला भाऊ बाबाराव एका मुलीच्या बापाला घेऊन आला. पुंडलिकानं पुढे केलेली चहाची बशी घेताना पाहुण्यांनी त्याचं मनगट पाहिलं.

"सत्यभामा कोण?"

"माझी बायको. गेली."

"अरेरे! आणि ही विनता?"

पुंडलिकानं डाव्या हाताकडे पाहिलं. "तीही गेली. त्याच दिवशी." आणि वर्षभर न रडलेला तो माणूस चहाच्या बशीत ढसाढसा रडला.

पाहुणे दारातच चपला घालत बाबारावला म्हणाले, "भाऊ तुमचा सज्जन असेल जी, पण एका दिवसात दोन? आमची पोरगी आम्हाला इतकी जड नाही झाली."

बाबाराव समजवायला मागे धावणार, तोच पुंडलिकानं त्याचा सदरा धरला.

"जाऊ द्या दादा. तिसरं नाव लिहायला मनगट कुठाय?"