सोनवणेकाकांची पुडी

सकाळी सातला दाराची कडी वाजली, की आमच्या सिडकोच्या गल्लीत कुणी "कोण आहे?" म्हणून विचारत नाही. सोनवणेकाकाच असतात. रामराम नाही, चहा नाही, थेट सवाल, "झोप झाली का?" उत्तर मिळालं की पुढचं दार. गल्लीतलं एकही घर सुटत नाही.

काका एसटीचे निवृत्त कंडक्टर. कन्नडच्या गाडीत डुलक्या घेणाऱ्या प्रवाशांना "कन्नड आलं, उठा" म्हणत जागं करण्यात हयात गेली आणि म्हातारपणी लोकांना झोपवायचा नाद लागला. पाचोडच्या बाजारातून मुळ्या आणायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधायच्या. कुणी जांभई दिली तरी पुडी, नाही दिली तरी पुडी. मी शंका काढली की म्हणायचे, "पोरी, पाला हाय, गोळी नाय. ह्यानं काय व्हतंय?" मुळीला पाला म्हणणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार.

माझ्या आईला घाबरेपणाचा त्रास. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिलीय. पण मनाची गोळी म्हटलं की लोक वेड्यात काढतील, या धास्तीनं ती सगळ्यांना बीपीची सांगते. काकांनी विचारलं, "आक्का, गोळीबिळी चालू हाय का?" तर हिनं ठोकून दिलं, "व्हय, बीपीची." मिळाली पुडी. मला पत्ता लागू न देता आईनं रात्री गोळीवर ती घेतली.

सकाळी कडी वाजली तेव्हा मी तिला गदागदा हलवत होते. डोळे किलकिले करायची, काहीतरी बरळायची, पुन्हा मान टाकायची. काका आत आले, उशाशी आपलाच कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आक्का, कन्नड आलं. उठा." अख्खी गाडी उठली असती असा आवाज. आई उठली नाही.

मग काय सांगू, अनवाणी धावत जाऊन काकांनी रिक्षा आणली, आईला धरून बसवलं. गाडी सोडायची डबल घंटी द्यायला घंटी नव्हती म्हणून दवाखान्यापर्यंत रिक्षाचा पत्राच दोनदा-दोनदा ठोकत होते. रिक्षावाला घाबरून सुसाट सुटला होता.

डॉक्टरीणबाईंनी पुडी हुंगली, गोळ्यांचं पाकीट पाहिलं. "ही गोळी गुंगी आणते, ही मुळीही गुंगी आणते. एकावर एक चढली. विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र घ्यायचं नाही. आणि घाबरून गोळी मनानं बंदही करायची नाही."

दुपारी आईनं डोळे नीट उघडले. पहिलं वाक्य, "सोनवणेभाऊंना सांगू नको, कसली गोळी ते." भाऊ तिच्या पायाशीच बसले होते.

ते रागावले नाहीत. बाहेर बाकड्यावर येऊन हळूच म्हणाले, "आमच्या मंडळीला पन रोज सकाळी मी गमतीनं तसंच म्हनायचो. कन्नड आलं, उठ. एक दिवस ती उठलीच नाय, पोरी. झोपेतच गेली. तवापासून समद्यांची दारं उघडलेली बघितल्याबिगर मला च्या जात नाय."

आणि मी इतकी वर्षं या माणसाला हसत होते. तिथंच बाकड्यावर मला रडू आलं.

आता पुडी मागितली, की काका आधी गोळ्यांचं पाकीट मागतात आणि "डाक्टरला इचारून ये" म्हणून परत पाठवतात. आई मात्र सातच्या आधीच घराबाहेर पडते आणि त्यांची कडी वाजवते. "भाऊ, झोप झाली का?" आतून "व्हय आक्का" आल्याशिवाय ती दारातून हलत नाही.