टणटणीत आणि बद्द

मुरलीधर भाऊजींच्या हातात चहाचा कप दिला की ते आधी तो नखाने वाजवायचे, मग प्यायचे. एकदा माझ्या नव्याकोऱ्या सेटातला कप वाजवून म्हणाले, "वहिनी, हा बद्द आहे." आठ दिवसांनी त्याचा कान माझ्या हातात आणि कप फरशीवर.

कुवेतला, रिग्गईत, आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहायचे, बायको-मुलं नाशिकला. आमचे हे आणि ते एकाच रिफायनरीत. भाऊजींचं काम पाइप तपासायचं, पण खोड घरापर्यंत यायची. दार, कलिंगड, लिफ्ट, काही म्हणून सोडत नसत. जगाचे दोनच भाग, टणटणीत आणि बद्द. माझ्या लेकीला बघायला आलेल्या मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "टणटणीत आहे, द्या." दिली. सुखात आहे.

"आवाज सांगतो, वहिनी," हे त्यांचं पालुपद.

एकच वस्तू मात्र ते कधी वाजवत नसत. त्यांच्या फ्रीजवर एक कोरडा मातीचा माठ असायचा. नव्वदच्या इराकी आक्रमणात आम्ही सगळे नेसत्या कपड्यांनिशी पळालो होतो. परत येऊन बघतो तर त्यांच्या घरातला पंखासुद्धा चोरांनी नेलेला. माठ तेवढा जमिनीवर काढून ठेवलेला. "माठ कोण नेतंय," म्हणायचे आणि विषय बदलायचे.

पुढे बऱ्याच वर्षांनी ऑफिसातल्या एका बंगाली मित्राच्या मुलीच्या लग्नाला आम्ही तिघं कोलकात्याला गेलो. तिथून बिष्णुपूरची देवळं बघायला. आता काय सांगू तुम्हाला, आख्खं देऊळ भाजलेल्या मातीने मढवलेलं. तिकडे दगड नाही, म्हणून राजांनी मातीच भाजून देवाचं घर सजवलं. वीतभर पाट्यांवर कृष्ण, होड्या, हंसांच्या रांगा, शिकारीला निघालेले घोडे. बोटाएवढ्या बायका, आणि त्यांच्या हातातल्या बांगड्यासुद्धा दिसतात. इतके पावसाळे खाऊन ती माती तशीच. मान दुखायला लागली, पण खाली होईना.

हे माझ्या कानात म्हणाले, "आता मुरली देऊळ वाजवणार. राखणदाराला सांगून ठेवू?"

पण भाऊजींनी हात पाठीमागे घट्ट धरलेले. एका पाटीपुढे केव्हाचे उभे होते. "वहिनी, हे बघा."

पाटीच्या कडेला मातीत अंगठा उमटला होता. कुणा कारागिराचा.

"आमचे दादा प्रत्येक माठाच्या बुडाला असाच अंगठा द्यायचे."

"अहो, तुमच्या वडिलांचा तर सिरॅमिकचा बिझनेस होता ना?"

"कुंभार होते, वहिनी. बिझनेस मी सांगताना केला. फ्रीजवरचा माठ त्यांच्या हातचा शेवटचा. विमानात मांडीवर धरून आणला होता. आक्रमणाच्या धामधुमीत तडा गेला की काय, आजवर बघायचा धीर झाला नाही."

कुवेतला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला वर बोलावलं. माठ टेबलावर होता.

"तुम्ही वाजवा. माझ्याने होत नाही."

मी बोटाने वाजवला. बद्द.

"टणटणीत आहे, भाऊजी," मी म्हटलं.

भिंतीआडच्या पाइपाचं दुखणं ओळखणारा माणूस तो. माझ्याकडे बघत राहिले. मग माठ उचलून मांडीवर घेतला.

"आवाज सांगतो, वहिनी," म्हणाले, आणि बुडाखालच्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवून बसून राहिले.