दोन कीबोर्ड आणि एक अंगठा

हिमांशूला गेम खेळायला मशीन हवं होतं, आणि ते ऑफिसच्या कामाचं आहे असं त्याच्या बायकोला, मृण्मयीला वाटायला हवं होतं. सगळी भिस्त कीबोर्डवर होती.

शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या मोतीरामकडे अशी दोन मशीनं होती. हातात मावणारी, कडेला गेमची बटणं, पण आतून अख्खा कॉम्प्युटर. "दोनातलं एक विकायचंय. रविवारपर्यंत दोन्ही वापर, आवडंल ते ठेव," मोतीराम म्हणाला. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

"यात गेम असतात ना रे?" मृण्मयीने पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"असतात गं. पण कीबोर्ड बघ की! कीबोर्ड कशाला दिला असेल? कामालाच ना?"

"मग काम करून दाखव. नुसतं गेमचं निघालं तर दोन्ही परत."

शुक्रवारी कंपनीला सुट्टी. मृण्मयी बँकेत कामावर गेल्यावर हिमांशू तुलना करायला बसला. एका मशीनचा स्क्रीन वर सरकवला की खालून कीबोर्ड निघायचा, दुसरं जेवणाच्या डब्यासारखं उघडायचं. पहिल्याच्या कळा सपाट, दुसऱ्याच्या फुगीर. कोणत्या कीबोर्डवर माणूस जास्त कामसू दिसतो, एवढाच प्रश्न होता. दोन्हीवर एकच वाक्य टाइप करून बघायचं त्याने ठरवलं.

आता, त्या साली पावसाने पाठ फिरवली होती आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढत सुटलं होतं. हिमांशूच्या गारखेड्यात पाणी पाचव्या दिवशी यायचं, तेही आलं तर. नळ वाजलेला ज्याला आधी ऐकू येईल त्याने सोसायटीच्या ग्रुपवर कळवायचं, असा नियम होता. तेव्हा हिमांशूच्या बोटांना जे वाक्य सुचलं त्यात त्यांचा काही दोष नव्हता: 'नळाला पाणी आलं. मोटारी लावा.'

डब्यासारख्या मशीनवर ते छान उमटलं. सरकत्या मशीनवरही उमटलं, पण तिथे त्याने सकाळीच व्हॉट्सअॅप जोडलं होतं, समोर सोसायटीचा ग्रुप उघडा होता आणि एंटरची कळ नेमकी अंगठ्याखाली होती.

त्याने लगेच मेसेज पुसला. हीच घोडचूक झाली.

"पाणी आल्याचं टाकतो आणि पुसतो?" सोसायटीच्या सेक्रेटरी सत्यभामाकाकू जिन्यातून ओरडल्या. "म्हणजे एकटाच भरून घेतोय! लावा गं मोटारी!"

अख्ख्या बिल्डिंगीत मोटारी सुरू झाल्या. नळातून नुसती हवा येत होती. कुणी दुकान बंद करून आलं, कुणी मंगल कार्यालयातून पंगत सोडून आलं. काकूंची मोटार कोरडी फिरून जळाली. मृण्मयी डोकं दुखतंय सांगून अर्धी रजा टाकून रिक्षाने आली आणि साडीचा पदर खोचून बादल्या मांडू लागली. तिला खरं सांगायचं हिमांशूच्या जिवावर आलं.

इकडे सगळ्यांनी पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या महापालिकेच्या कडूबाला फोन लावले. "अरे, पाणी सोडलंस ना? मग येईना का?" कडूबा जेवत होता. पहिल्या दोघांना त्याने "नाय सोडलं" म्हणून सांगितलं. पण जो तो छातीठोकपणे "सोडलंय" म्हणतोय म्हटल्यावर त्याचाच स्वतःवरचा भरवसा उडाला. साहेबांनी सांगितलं असंल आणि आपण विसरलो असू, या धास्तीने तो हात न धुताच उठला आणि व्हॉल्व्ह फिरवून आला.

नळ खळखळले. बिल्डिंगीत टाळ्या पडल्या.

"पण तुला आधीच कसं रे कळलं?" काकूंनी विचारलं. "नळ तर ठणठणीत कोरडा होता."

हिमांशूच्या हातात सरकतं मशीन होतं. "यावर हिशेब मांडला, काकू. धरणातला साठा, लाईनचं प्रेशर... सगळं टाकलं की पाणी कधी येणार ते सांगतं."

"अगं बाई! लई कामाचं आहे की!"

मृण्मयी भरलेल्या पिंपाकडे बघत होती. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने हिमांशूकडे क्वचितच पाहिलं असेल. "उगाच शंका घेतली रे मी. ठेव ते मशीन. घेऊन टाक." हिमांशूला नाचावंसं वाटलं.

रविवारी सकाळी मोतीराम आला तो आईला घेऊन.

"दोन्ही परत दे बाबा," मोतीराम ओशाळून म्हणाला. "शुक्रवारचं आईच्या कानावर गेलं. मी लई समजावलं, गेमचं मशीन हाय ते, पाण्याचं त्याला काय कळतंय? ऐकतच नाय. कोणतं सांगतं ते ठाव नाय, म्हणून दोन्ही पायजे म्हणती."

"आमच्याकडं आठव्या दिवशी पाणी येतं बाबा," मोतीरामची आई म्हणाली. "तूच खरं सांग. पाणी कधी येणार ते सांगतं का हे? का नुसता खेळ हाय? खेळच असंल तर राहू दे तुलाच."

मृण्मयी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती.

"सांगतं, मावशी," हिमांशू म्हणाला, आणि चार्जर आणायला आत गेला.