देता येतं तेवढंच

आमच्या जळगावच्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. कधी दोन दिवसांनी येतं, कधी येतच नाही. त्यामुळे सकाळी फाटकाशी जो दिसेल त्याला "पाणी आलं का हो?" असं विचारायची पद्धत आहे. समोरच्या फेगडे नानांना हा प्रश्न विचारला की ते आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहतात, मग आवाज खाली आणून म्हणतात, "तुम्हाला हे कशासाठी हवंय?"

मी शाळामास्तरीण. आयुष्यभर बडबडीवर पोट भरलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे कॉलनीत सर्वांना ठाऊक आहे, आणि मी ते कधी नाकारलेलंही नाही. अशा बाईच्या समोरच्या घरात देवाने नाना आणून ठेवले.

नाना मूळचे रावेरकडचे, पण सगळी नोकरी दिल्लीत केली. कुठल्या खात्यात, असं विचारलं की "ऑफिसात" म्हणतात. पुढचं मला कळलं ते त्यांच्या बायकोकडून, अक्कांकडून. देशाची गुप्त माहिती गोळा करणारे लोक वेगळे, आणि ती बाहेर किती जाऊ द्यायची ते बघणारे वेगळे. नाना दुसऱ्यांतले. शे-दीडशे देशांच्या मिळून ज्या मोठ्या संस्था असतात, त्या भारताकडे काहीबाही माहिती मागत. ती कायद्याने देता येते का, किती देता येते, कोणत्या ओळीवर काळं फिरवायचं, हे नानांच्या टेबलावर ठरायचं. एकदा फार आग्रह केला तेव्हा नानांनी मला त्यांच्या तीन चाळण्या सांगितल्या. पहिली, कायदा परवानगी देतो का. दुसरी, माहिती आपली आहे का. दुसऱ्या देशाने विश्वासाने दिलेली असेल तर त्याला विचारल्याशिवाय ती तिसऱ्याच्या हातात ठेवायची नाही. तिसरी, माहिती मुळात ज्याने दिली, त्याचं घर कागद वाचून ओळखू येईल का.

"आणि संस्थेचं टेबल मोठं असतं, ताई," ते म्हणाले. "त्यावर मित्र बसलेला असतो तसा मित्र नसलेलाही बसलेला असतो. एकाला दिलं की सगळ्यांना दिलं. म्हणून देता येतं तेवढंच द्यायचं."

नोकरी संपली तरी चाळण्या संपल्या नाहीत. मोबाइलवरच्या कॉलनीच्या ग्रुपात घेतलं, तर तो त्यांनी आठवड्याभरात सोडला. त्यांच्या मते ती आंतरराष्ट्रीय संस्था होती, कारण पाटलांचा पुण्याचा भाचा आणि जोश्यांची सासुरवाशीण लेकही त्यात होती. मागच्या गल्लीतल्या महाजनांचा मुलगा परीक्षा पास झाल्याची कुणकुण मला लागली, म्हणून मी नानांना विचारलं. ते म्हणाले, ही माहिती माझ्याकडे महाजनांकडून आलेली आहे, त्यांची परवानगी आणा. मी खरोखरच महाजनांकडे गेले. त्यांनी पेढे दिले आणि परवानगीही दिली. परत येऊन सांगितलं तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "मुलगा पास झाला."

त्याच मुलासाठी पुढे धुळ्याचे पाहुणे स्थळ बघायला आले. आपल्याकडे पाहुणे आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गुपचूप चौकशी करतात, तसे ते नेमके नानांच्या फाटकाशी थांबले. मुलगा कसा आहे, काही व्यसन वगैरे, असं त्यांनी विचारलं. नानांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मुलगा आहे, एवढ्याला मी दुजोरा देऊ शकतो." पाहुणे घामाघूम होऊन माझ्याकडे आले आणि मी त्यांना मुलाची सात पिढ्यांची कीर्ती ऐकवली, म्हणून ते लग्न झालं.

एका वर्षी कॉलनीने त्यांना चिटणीस केलं. पहिल्या सभेचा वृत्तांत त्यांनी फलकावर लावला. त्यात अध्यक्षांच्या नावावर काळं, विषयावर काळं, ठरावावर काळं. वाचता येण्याजोगं एकच वाक्य होतं, "शेवटी चहा झाला." दुसऱ्या सभेत त्यांना सन्मानाने मोकळं करण्यात आलं.

पण भरीत करावं ते नानांनीच. थंडी पडली की आम्ही सगळे मळ्यात भरीत पार्टीला जातो. कापसाच्या काड्यांवर हिरवीगार वांगी भाजतात, ती ठेचतात, वर पातीचा कांदा आणि शेंगदाणे. नानांच्या वांग्यांना बी नसतं आणि चव अशी की जेवणारा बोलायचं विसरतो, मीसुद्धा. ही वांगी ते कुठून आणतात हे कॉलनीतल्या कोणालाही ठाऊक नाही. मी एकदा रिक्षाने त्यांच्या मागे गेले होते. त्यांनी मला बाजारातून तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि शेवटी रिकाम्या पिशवीने घरी आले. वांगी दुसऱ्या दिवशी आली.

अक्का शिरपूरच्या, बोलणं अहिराणी. त्या कपाळाला हात लावून म्हणायच्या, "माय वं, यासना पोटमा काय शे ते देवले बी माहीत नही. बठ्ठं कुलूपबंद शे." म्हणताना हसायच्या, पण एका गोष्टीबद्दल हसत नसत. ती म्हणजे वैशाली.

वैशाली ही त्यांची एकुलती एक लेक. हुशार निघाली आणि जिनिव्हाला नोकरीला लागली, तीही कुठे, तर अशाच एका शे-दीडशे देशांच्या संस्थेत. नाना तेव्हा नोकरीत होते. त्यांनी नियमाप्रमाणे ऑफिसात कळवलं, आणि त्या दिवसापासून स्वतःच्या मुलीशी तोलूनमापून बोलायला लागले. तिने जेवताना सहज विचारलं, नाना, हल्ली कामाचा ताण आहे का? नाना ताटावरून उठले. तेवढं पुरलं. नंतर तिने काही विचारलं नाही. नाना निवृत्त झाले तरी दर रविवारच्या फोनवर तेच: हवा ठीक आहे, जेवलो, तू कशी आहेस.

अक्का आजारी पडल्या तेव्हा नानांनी तिला कळवलं, "आईची प्रकृती नरम आहे. उपचार सुरू आहेत. लक्ष ठेवून आहे." खोटं त्यात काही नव्हतं. वैशाली आली ती दहाव्याला. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "नाना, मी तुमची मुलगी आहे की संस्था?" त्यानंतर ती जळगावला आली नाही. रविवारचे फोन तेवढे चालू राहिले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. नाना आले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि चक्क खाली बसले. घरात कोण आहे, विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत आणि पुढच्या मंगळवारी धुळ्याला ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी कोणाला तरी बोलावून घ्या म्हटलंय. भाच्याला सोबत नेतो, असं म्हणाले आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली.

मग म्हणाले, "ही माहिती फक्त तुमच्यापुरती. विशेषतः वैशालीला कळता कामा नये."

मी मान हलवली. मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त नवल वाटत होतं. अख्ख्या कॉलनीत ह्या माणसाला गुपित सांगायला मीच का सापडावी? थोड्या वेळाने पाहते तर नाना गच्चीवर. एक जाड गादी ओढत उन्हात टाकत होते. अशा हृदयाने हे काय उद्योग, म्हणून मी खालून ओरडले. ते म्हणाले, "ऊन चांगलं आहे." दवाखान्यात न्यायची असेल, असं मला वाटलं.

दुपारभर मी जिभेला गाठ मारून बसले. मांजराला सांगितलं, देवाला सांगितलं. पण डोळ्यांपुढे सारखी दहाव्याची वैशाली येत होती. आईच्या वेळी चुकलेली पोर बापाच्या वेळीही चुकली तर? तिचा नंबर अक्कांनीच मला देऊन ठेवला होता. दिवेलागणीला मी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, यातलं किती झाकलंय?"

"काही नाही गं. माझ्याकडे झाकण कुठाय?"

शनिवारी वैशाली दारात उभी राहिली. मी चोरासारखी मागोमाग गेले. नाना आरामखुर्चीत होते. मी म्हटलं, नाना, माझ्याकडून फुटलं. रागवायचं ते मला रागवा.

"हो," नाना म्हणाले. "वेळेत फुटलं."

वैशाली बॅग ठेवायला आतल्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पलंगावर तीच उन्हात टाकलेली गादी होती, वर धुतलेली चादर आणि पायथ्याशी अक्कांनी शिवलेली गोधडी. मी फोन संध्याकाळी केला होता. गादी सकाळीच गच्चीवर गेली होती.

मी नानांकडे वळले. ते खिडकीबाहेर बघत होते. हळूच म्हणाले, "मी फोन केला असता ना ताई, तर माझ्या तोंडून पुन्हा तीनच वाक्यं निघाली असती. मला आता दुसरं येत नाही." वैशाली बाहेर आली, त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मला रडू आवरेना, म्हणून मी चहा टाकायला गेले.

ऑपरेशन नीट झालं. वैशाली रजा वाढवून राहिली. एका दुपारी मी लोणचं द्यायला गेले, तर ती विचारत होती की भरीत करायचंय, कमी तेलातलं, वांगी कुठून आणू? नानांनी या वेळी रस्त्याकडे पाहिलं नाही. तापीकाठचं गाव सांगितलं, मळा सांगितला, बाईचं नाव सांगितलं, तिच्या नवऱ्याला कमी ऐकू येतं तेही सांगितलं. ती विचारत गेली आणि ते सांगत गेले, वांग्यांचा विषय संपला तरी सांगत राहिले. मी दाराआड लोणच्याची बरणी धरून उभी होते. माझ्या कानांतून एक शब्दही सुटला नाही.

आता तुम्ही विचाराल, कोणतं गाव? कॉलनीतही सगळे विचारतात.

तुम्हाला हे कशासाठी हवंय?