धुरावरचा गूळ

आमच्या लालबागच्या चाळीत शांताभाऊ वेल्डर कुणालाच 'कसे आहात' म्हणून विचारत नाहीत. "गूळ खाल्लंस काय?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता खिशातली पुडी सोडून हातावर खडा ठेवतात.

"धूर गुळाक चिकटता नि सकाळी भायर पडता," हे त्यांचं मालवणी शास्त्र. गेट-ग्रिलच्या कारखान्यात काम संपलं की गूळ खायचा रिवाजच आहे म्हणा, पण भाऊंनी त्याचा धर्म करून टाकला. शेजारणीची फोडणी करपली, भाऊ गूळ घेऊन हजर. एकदा आमच्या ह्यांच्या हातावर ठेवला. मी ओरडले, "अहो भाऊ, ह्यांना शुगर आहे!"

"मग नको," भाऊ शांतपणे म्हणाले. "आत भरपूर आसा."

कारखान्याच्या शेठने मास्क दिला, तर तो खिळ्याला टांगलेला. "माका कित्याक? गूळ आसा मा!" आता या माणसापुढे डोकं किती फोडायचं?

भाऊंना मूल नाही. त्याचं खापर अर्थातच त्यांच्या बायकोवर, सुलभावहिनींवर. बिचारीने उपास केले, नवस केले, नको नको त्या तपासण्या करून घेतल्या. लोक टाकून बोलायचे आणि ही बाई ब्र काढायची नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तुमचं सगळं ठीक आहे. आता नवऱ्याला घेऊन या." भाऊ कित्येक महिने ढिम्म हलले नाहीत. गूळ खाणाऱ्याला काय धाड भरणार, हा त्यांचा हिशेब. वहिनींनी अबोला धरला तेव्हा कुठे गेले.

तपासणीत कळलं, भाऊंचं बीज फारच कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेल्डिंगचा धूर आणि धग वर्षानुवर्षं अंगावर घेतली की असं होऊ शकतं, आणि गुळाने ते काही थांबत नाही. वहिनींनी हे फक्त मला सांगितलं आणि वर शपथ घातली. "कुणाकडे बोलू नका हं. ह्यांना लोक हसतील." भाऊ मात्र मास्क लावायला लागले.

मग आमच्या सुनेचं डोहाळजेवण आलं. झोपाळ्याची चौकट भाऊंनीच जोडून दिली, तिच्यावर फुलं वहिनींनी बांधली. ओटी भरायला बायका उठल्या. वहिनींनी तांदूळ भरलेलं सूप उचललं, तेवढ्यात आमच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "सुलभा, तू राहू दे गो. पोरीचं पहिलंच आहे."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. माझं डोकं तडकलं. मी तोंड उघडणार, तोच दारातून आवाज आला.

"खोट माझ्यात आसा. हिच्यात नाय."

भाऊ. चौकटीचा नट आवळायला आले होते, हातात पाना तसाच. "डॉक्टरान तपासल्यान माका. धुरान झाला. हिका आता कोणी काय बोलूचा नाय."

बायकांच्या घोळक्यात पुरुषमाणूस हे बोलतोय! चुलत सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आमची सून भानावर पहिली आली. झोपाळ्यावरूनच तिने ओटीचा पदर पसरला आणि म्हणाली, "काकी, या ना. तुमच्यापासूनच सुरुवात." वहिनींनी पुन्हा सूप उचललं, पण ओटीत घालताना निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. मला तर रडूच फुटलं.

मी डोळे पुसायला गॅलरीत गेले, तर भाऊ तिथेच उभे. थोड्या वेळाने वहिनीही बाहेर आल्या आणि भाऊंवर तुटून पडल्या.

"काय गरज होती? चारचौघींत स्वतःची लाज घालवलीत!"

भाऊ कठड्याला टेकून खाली बघत होते. म्हणाले, "तुझी इतकी वर्सां रोज गेली गो. माझी आज एकदाच गेली."