तालीम काढण्याचा हुकूम

श्रीगजानन स्मरून, आणि डोळ्यांनी दिसले त्याहून अधिक न सांगण्याची बुद्धी मागून लिहिले जाते. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, कार्तिक मास. राज्यातील जुन्या टपालकचेरीच्या पायरीवर निळ्या रंगाचा थेंब सापडला, जोंधळ्याच्या दाण्याएवढा, कडा वाळून किंचित वर आलेल्या. कचेरी जमीनदोस्त जाहली होती, पायरी तेवढी उरली. मग लोकांनी शोध केला, तों भुईसपाट जाहलेल्या धर्मशाळेच्या जोत्यावरही तैसाच थेंब. रंग सुभानजी चितारी यांचा, हे सर्वांस ठाऊक. सुभानजी जुन्या इमारतीसमोर बैठक घालून ती काढीत, आणि मागाहून दरबाराचा लोखंडी सोंडेचा पिवळा हत्ती येऊन तीच इमारत काढीत असे. दोन्ही कामांस राज्यात शब्द एकच, म्हणोन संशयास निराळे खतपाणी लागले नाही.

मग सुभानजी दिसताच दुकानदार फळ्या ओढून घेऊ लागले, आणि वेशीजवळील तालमीचे वस्ताद हैबती मगर दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "चितारी, फुडं व्हा. आमची तालीम काढायची न्हाई."

"वस्ताद, मी नुसतं चित्र काढतो."

"टपालकचेरीचंबी नुसतंच काढलं हुतं न्हवं?"

पठ्ठे हसले. सुभानजी हसले नाहीत, कारण संशय त्यांच्याही मनी शिरला होता आणि ते आपला कुंचला परक्याचा असावा तैसा न्याहाळीत.

इकडे कारभारी अनंतराव यांचा तालमीवरून रुंद रस्ता नेण्याचा मनसुबा बहुत वर्षांचा; परंतु पठ्ठ्यांचे भय आणि त्यांच्या घरच्या मतांचे त्याहून अधिक, म्हणोन कार्य तटले होते. मग त्यांनी सुभानजींस बोलावून चहा देवविला आणि गोड वदले, "तालीम काढा. चांगली ऐसपैस काढा, सभागृहात लावू."

"आणि खरी तालीम, साहेब?"

"ती आम्ही काढूच की, सवडीनं. तुम्ही काढलीत म्हणजे लोक धरूनच चालतात हो. कुणी आडवं येत नाही."

तेव्हा मागील चित्रांचे निरोपही दरबारातूनच आले होते हे आठवून सुभानजींस उमजले की इमारत आधी ठरते आणि थेंब मागाहून पडतो. परंतु पेच सुटला नाही. काढावी तर दरबारास वाट मोकळी, न काढावी आणि तालीम गेली तर तिचे रूपही उरणार नाही. कारभारी निरोप धाडीत, आणि सुभानजी "बघतो" म्हणत, आणि ऐसा मार्गशीर्ष सरला.

मग पौषात कारभारी स्वतः तालमीपुढे आले, कोरा फलक मांडविला, आणि वस्ताद, पठ्ठे, शेजारपाजार यांदेखत गरजले, "चितारी, आज काढायचीच!"

वस्ताद खोचून म्हणाले, "काढा की. दरबाराची शालबी मिळंल."

सारांश, इमारती दरबाराने ठरविल्या, बोल कुंचल्यास लागला, आणि जो शब्द सर्वांस ठाऊक तो राज्यात तोवर कोणीही उच्चारला नव्हता. सुभानजींनी वस्तादांकडे पाहिले, मग कारभाऱ्यांकडे, आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलले, "मी काढणार नाही, साहेब. तालीम पाडायची असेल तर 'पाडा' म्हणा. इथं, यांच्यासमोर म्हणा."